श्रावणातला तिसरा दिवस : दारू, धास्ती आणि त्यांवरच्या औषधांचा इतिहास

गेल्या काजूच्या हंगामात मी मंडळाच्या बैठकीत भट्टीवर निबंध वाचला होता. बोंडू तुडवायची कोळंबी, निरो, भाण, लवणी, हुराकाचे ग्राव किती आणि फेणीचे किती, सगळं आकृत्या काढून सांगितलं. इंजिनियरची खोड, दुसरं काय. निबंध संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "भट्टी समजली, बाबा. पण दारू सोडताना आमची माणसं मरायची, त्याचा इतिहास कोण लिहिणार?"

त्यावर मी काहीच बोललो नाही. कारण तो इतिहास माझ्या घरात आहे.

माझा एक मामा चोपड्याचा. आगरवाड्याच्या मिठागरावर कामाला जायचा. लहानपणापासून घाबरट, असं आई सांगते. पेडण्याच्या पुनवेला सगळा गाव जायचा, हा गर्दीच्या भीतीने घरी राहायचा. शापोऱ्यावर पूल नव्हता तेव्हा शिवोलीला जायचं तर फेरीबोट. फेरीत पाऊल टाकताना त्याची छाती धडधडायची, हात गार पडायचे. कोणीतरी त्याला सांगितलं, अर्धा ग्लास मारून चढ. त्याने मारला, आणि धडधड थांबली. पुढची पंधरा वर्षं तो त्या अर्ध्या ग्लासाच्या मागे गेला. अर्ध्याचा पाऊण झाला, मग बाटली. पलीकडच्या तीरावरच्या एका डॉक्टरांनी त्याला झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्या दिल्या. मामाने दारू सोडली नाहीच, वर गोळ्याही सुरू ठेवल्या.

१९८१ च्या श्रावणात, पहिल्याच दिवशी, माझ्या वडिलांनी बाटली आणि गोळ्यांची पुडी दोन्ही उचलली आणि नदीत फेकली. मामाने देवासमोर शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी हात कापायला लागले, अंगावरचा शर्ट घामाने भिजला. तिसऱ्या रात्री त्याला मच्छरदाणीवर खेकडे चालताना दिसायला लागले. घरात ठरलं, देवचार लागला. अंगारा लावला, गाऱ्हाणं घातलं. पहाटे त्याला आकडी आली, मग दुसरी. उजाडायच्या आत गेला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो.

वडील पुढे पंचवीस वर्षं जगले. दारूने मेव्हण्याला खाल्लं असंच ते म्हणत राहिले. आज मला वाटतं, त्या रात्री त्याला दारूने मारलं नाही. दारू आणि गोळ्या दोन्ही एकदम काढून घेतल्याने मारलं. हे समजायला मला औषधांचा इतिहास वाचावा लागला. तो इथे मांडतो. मी डॉक्टर नाही. कोणी यातून औषध ठरवू नये, आणि रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद तर मुळीच करू नये.

सुरुवात आपल्याकडूनच करू. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चोविसावा अध्याय मदात्ययाचा आहे. वातप्रधान मदात्ययाची लक्षणं वाचताना मी थांबलो : डोकं थरथरणं, झोप न येणं, बडबड. मामाच आठवला. त्याहून मोठं आश्चर्य उपचारात आहे. मद्याने झालेल्या या विकाराला मद्यच, पण योग्य प्रकारचं आणि मापात, असं चरक सांगतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती पळवाट वाटली. पण मामा गेला त्याच्या वीसएक वर्षं आधी जगभरच्या इस्पितळांतून जो उपचार सुरू झाला होता, त्याचं तत्त्व याच्या फार जवळचं आहे. ते पुढे येईल.

गोव्यात ऊर्ध्वपातनाची लेखी नोंद जुनी आहे. गार्सिया द ओर्ता याचं पुस्तक गोव्यातच १५६३ मध्ये छापलं गेलं. त्यात माडाच्या सुरेपासून काढलेल्या दारूचं वर्णन आहे. काजूचा त्यात उल्लेख नाही, म्हणजे आपली काजूची फेणी त्यानंतरची. पुढे १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्याचं मीठ आणि अबकारी या दोन्ही गोष्टींवर ब्रिटिश पद्धतीचा अंमल आला. मिठागरावर राबायचं आणि संध्याकाळी प्यायचं, या दोन्हीचा हिशेब एकाच करारात बसवलेला पाहून मला मामाच्या आयुष्याचाच सारांश वाचल्यासारखं झालं. सरकारी कागदांत माडांवरचा कर सापडतो, भट्ट्यांचे परवाने सापडतात. पिणाऱ्याच्या रात्री सापडत नाहीत.

त्या रात्रींना युरोपात नाव मिळालं १८१३ मध्ये. थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने 'डेलिरियम ट्रेमेन्स' हा शब्द वापरला, म्हणजे कंपासह येणारा भ्रम. त्या काळी अशा रोग्याचं रक्त काढत. सटनने रक्त काढणं थांबवून अफू द्यायला सांगितलं. रोगी झोपला की वाचण्याची शक्यता वाढते, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. पुढची दीडशे वर्षं डॉक्टर मंडळी झोपवण्याचंच औषध शोधत होती. १८५७ नंतर ब्रोमाइड आलं, १८६९ मध्ये क्लोरल, १८८२ मध्ये पॅराल्डिहाइड, १९०३ मध्ये पहिलं बार्बिट्युरेट, १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन. ही सगळीच धास्तीवरही दिली जात. रुग्ण शांत व्हायचा, आणि पुष्कळदा त्या औषधाचाच गुलाम व्हायचा. बार्बिट्युरेट दारूबरोबर घेतलं की श्वास बंद पडून माणसं मरायची. एक व्यसन काढून दुसरं बसवायचं, असा हा प्रकार होता.

यात एक मूळ प्रश्न सुटलेला नव्हता. हा भ्रम कशाने येतो, फार पिण्याने की पिणं थांबवण्याने? बरेच जण म्हणत, पिणारा नीट जेवत नाही, त्या कुपोषणाने येतो. १९५५ मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे हॅरिस इझबेल आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा माणसांना भरपूर खाऊपिऊ घालून, जीवनसत्त्वं देऊन आठवडेच्या आठवडे दारू पाजली आणि मग ती एकदम बंद केली. ज्या सहा जणांनी सात आठवड्यांच्या आसपास किंवा जास्त काळ दारू घेतली होती, त्यांच्यातच फिट्स किंवा भ्रम दिसले. ती माणसं पूर्वीची अफूबाज आणि कैदी होती. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि करू देऊ नये. पण त्यातून उत्तर मिळालं. जेवण चांगलं असूनही फिट्स आल्या. कारण थांबवण्यातच होतं.

यंत्रावरून सांगतो. समजा एखादा ड्रायव्हर दिवसभर ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतो. गाडी पुढे जायची तर त्याला अॅक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो. दारू म्हणजे मेंदूवरचा ब्रेक. मेंदू त्याला तोंड द्यायला आतला वेग वाढवून ठेवतो आणि स्वतःचे मूळचे ब्रेक सैल करतो. मग एके दिवशी दारूवरचा पाय एकदम उचलला की गाडी उसळते. पहिल्या दिवसात कंप, घाम, धडधड. फिट्स येतात त्या बहुधा पहिल्या दोन दिवसांत. भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. मामाचा तिसरा दिवस त्यात नेमका बसतो. त्याच्या आकड्या मात्र उशिरा आल्या. झोपेच्या काही गोळ्या अंगातून हळू उतरतात आणि त्या बंद केल्यावर फिट्स उशिराही येतात, हे वाचल्यावर पुडीकडे माझं लक्ष गेलं. त्याच्या गाडीला दोन ब्रेक होते आणि आम्ही दोन्ही एका सकाळी काढले.

१९६० मध्ये लिब्रियम बाजारात आलं, म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाचं हे काम. तीन वर्षांनी डायझेपाम आलं, जे आपल्याकडे घरोघरी 'कॉम्पोज' या नावाने ओळखलं गेलं. ही औषधं मेंदूच्या त्याच ब्रेकवर काम करतात ज्यावर दारू करते. म्हणून दारू काढून त्या जागी ती द्यायची आणि मग दिवसादिवसाने मात्रा कमी करत न्यायची. १९६९ मध्ये काइम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांतले ५३७ रुग्ण घेऊन तुलना प्रसिद्ध केली. कोणाला क्लोरडायझेपॉक्साइड, कोणाला क्लोरप्रोमझिन, कोणाला हायड्रॉक्सिझिन, कोणाला थायमिन, कोणाला नुसती औषधासारखी दिसणारी गोळी. फिट्स आणि भ्रम सगळ्यांत कमी आले ते क्लोरडायझेपॉक्साइडच्या गटात. चरकाचं तत्त्व तेच आहे, असं मी म्हटलं ते यासाठी. जवळचा पदार्थ मापात द्यायचा आणि माणसाला सावकाश खाली उतरवायचं. फरक एवढाच की इथे माप मोजता येतं.

थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, फिट्स थांबवत नाही, पण द्यावंच लागतं. ते कमी पडलं तर पिणाऱ्याच्या मेंदूला कायमची इजा होते. आपले उकडे तांदूळ हे जीवनसत्त्व बऱ्यापैकी राखतात, कारण उकडताना ते दाण्यात आत मुरतं. पण त्यासाठी पेज पोटात जायला हवी, आणि मामा शेवटी शेवटी जेवतच नव्हता.

मग प्रश्न येतो : मामाकडे तीच गोळी होती ना? होती. पण ती उतरण्यासाठीची शिडी आहे आणि मामाला ती राहायला घर म्हणून मिळाली. पिता पिता घेतली तर श्वास मंदावण्याचा धोका, महिनोन्‌महिने घेतली तर तिचंच व्यसन, आणि एकदम सोडली तर दारूसारखीच उसळी. धास्ती आणि दारू एकत्र असलेल्या माणसाला ही गोळी हातात देऊन घरी पाठवू नये, हे डॉक्टरांनाही हळूहळू अनुभवाने कळत गेलं.

दारूवरचं दुसरं औषध माझ्या आवडीचं, कारण ते कारखान्यातून आलं. डायसल्फिराम हे रसायन रबर पक्कं करण्याच्या प्रक्रियेत वापरलं जायचं. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका रबर कारखान्याच्या डॉक्टरने लिहून ठेवलं की तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही. १९४८ मध्ये कोपनहेगनच्या येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी हीच गोष्ट नव्याने पाहिली. ते हे रसायन जंतांवर औषध म्हणून तपासत होते. स्वतः गोळ्या घेतल्या, मग एका पार्टीत थोडी प्यायले आणि चेहरा लालबुंद, धडधड, उलटी. दारू पचताना मध्ये अॅसिटाल्डिहाइड तयार होतं. डायसल्फिराम ते पुढे पचू देत नाही, आणि सगळा त्रास त्याचा.

या औषधावर मराठी मुलखात झालेलं काम जगभर वाचलं गेलं. मुंबईच्या अविनाश आणि ऍलन डिसूझा या मनोविकारतज्ज्ञांनी २००४ मध्ये १०० पुरुषांवरची तुलना प्रसिद्ध केली. अर्ध्यांना डायसल्फिराम, अर्ध्यांना नाल्ट्रेक्सोन, एक वर्ष. डायसल्फिरामवाल्यांतले ८६ टक्के दारूपासून दूर राहिले, नाल्ट्रेक्सोनवाल्यांतले ४४ टक्के. मात्र पिण्याची ओढ नाल्ट्रेक्सोनने जास्त कमी झाली. आकडे पाहून कोणी भाळू नये. कोणाला कोणतं औषध हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होतं, आणि घरचं माणूस रोज समोर उभं राहून गोळी देत होतं. माझ्या मते अर्धं औषध त्या घरच्या माणसात होतं. पण आपल्याकडे तसं घर असतं, हीही खरी गोष्ट आहे.

ही गोळी नकळत देऊ नये, हे इथे ठणकावून सांगायला हवं. 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशा पुड्यांच्या जाहिराती आपण सगळ्यांनी भिंतींवर पाहिल्यात. चहातून असं काही पोटात गेलेला माणूस संध्याकाळी प्यायला तर हृदय दुबळं असल्यास जीव जाऊ शकतो. आणि मामासारख्याचा विचार करा. ज्याला आधीच छाती धडधडण्याची भीती, त्याला तीच धडधड कारण न कळता भेटणार. माहिती असेल आणि स्वतःची तयारी असेल, तर मात्र धास्ती असलेल्यांनाही हे औषध द्यायला मनाई नाही. २००५ मध्ये पेट्राकिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २५४ माजी सैनिकांवरचा अभ्यास मांडला. सगळ्यांना दारूच्या जोडीला दुसरा मानसिक आजार होता. त्यांत डायसल्फिराम आणि नाल्ट्रेक्सोन दोन्ही नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरले.

नाल्ट्रेक्सोन प्यायल्याची मजा कमी करतं. अमेरिकेत १९९४ पासून दारूसाठी मान्य. अफूजन्य औषध घेणाऱ्याला चालत नाही आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. अकाम्प्रोसेट दारू सोडल्यानंतरची आतली खळबळ शमवतं. ते फ्रान्समध्ये १९८९ मध्ये आलं, यकृत बिघडलेल्यांना चालतं, पण मूत्रपिंड धड हवं. या दोन्हींचं व्यसन लागत नाही, आणि इथे ब्रोमाइडपासून चालत आलेली साखळी तुटते.

बॅक्लोफेनची गोष्ट मात्र मामाच्या गोष्टीच्या सगळ्यात जवळची आहे. ऑलिव्हिए अमेझन हा फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ स्वतः दारूच्या आहारी गेला होता. त्याचं म्हणणं, माझी धास्ती आधीची, दारू नंतरची, आणि डॉक्टर फक्त दारू पाहतात. स्नायूंचा ताठरपणा घालवणारं हे जुनं औषध त्याने स्वतःवर मोठ्या मात्रेत वापरलं, आणि ओढ व धास्ती दोन्ही गेल्याचं २००५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. पुढच्या चाचण्यांचे निकाल उलटसुलट आले, आणि जास्त मात्रेत हे औषध धोक्याचं आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये त्याला मर्यादित मान्यता दिली. पण 'भीती आधी' हे त्याने इतक्या मोठ्याने म्हटलं, याचं मला मोल वाटतं.

मग नुसत्या धास्तीवर उपचार केला तर दारू आपोआप सुटते का? हा सरळ हिशेब वाटतो, पण तो जुळत नाही. चारचौघांत बुजणाऱ्या आणि पिणाऱ्या माणसांना पॅरॉक्सेटिन देऊन पाहिलं, २००८ मध्ये निकाल आले. बुजरेपणा कमी झाला, पिणं तेवढंच राहिलं. बस्पिरोन हे सवय न लावणारं औषध. १९९४ मध्ये क्रॅन्झलर यांनी ६१ जणांवर वापरलं तेव्हा ती माणसं उपचारात जास्त टिकली आणि भरमसाट पिण्याकडे उशिरा वळली. पण २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने धास्ती आणि दारू एकत्र असलेल्यांवरच्या औषधांच्या चाचण्या गोळा केल्या तेव्हा हाती लागल्या पाच, त्यांत माणसं २९०, आणि पुरावा कच्चा. जगातल्या इतक्या जुन्या जोडदुखण्यावर एवढीच पुंजी. पूल बांधताना एवढ्या आकड्यांवर मी सही केली नसती.

म्हणून डॉक्टर आज दोन्ही धागे वेगवेगळे धरतात. आधी सुरक्षितपणे दारू उतरवायची. मग दोन-चार आठवडे थांबून पाहायचं की धास्ती उरते का. कारण रोज पिणाऱ्याला रोज सकाळी छोटीशी उसळी येतच असते आणि ती हुबेहूब धास्तीसारखी दिसते. जी उरते ती मूळची. तिला तिचं औषध किंवा बोलण्याचा उपचार, आणि दारूच्या ओढीला तिचं. मामाची उरली असती, याबद्दल आईला शंका नाही.

गोव्याची यातली जागा छोटी नाही. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या आबे फारियाने पॅरिसमध्ये दाखवून दिलं की संमोहनाची झोप समोरच्याच्या हातातून निघणाऱ्या कुठल्या प्रवाहाने येत नाही, ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते. त्याचा पुतळा पणजीत सगळे पाहतात. त्याच्याच नावाचं मनोरुग्णालय आल्तिनोवर होतं. त्याचीच पुढची पिढी म्हणजे बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था. गोव्यातल्या कारखान्यांतल्या पुरुष कामगारांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण पाचातला एक जण धोक्याच्या पातळीवर पिणारा निघाला. आणि 'संगाथ' या गोव्यातल्या संस्थेने राज्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली गेली. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी थोड्या भेटींत बोलायचं, एवढंच. तीन महिन्यांनी मागच्या पंधरवड्यात अजिबात न प्यायलेले ४२ टक्के, आणि नेहमीची सेवा मिळालेल्यांत १८ टक्के. ती माणसं हानिकारक पिणारी होती, मामासारखी पूर्ण अवलंबून असलेली नव्हेत. मामाला आधी इस्पितळच लागलं असतं.

शेवटचा एक तर्क, आणि तो तर्कच समजावा. पेडण्याच्या पुनवेला, कोजागिरीच्या रात्री, रवळनाथ आणि भूतनाथाच्या तरंगांसमोर बाधा झालेल्यांना आणायची जुनी रीत आहे. आणलेल्यांत काही जण श्रावणापासून दारू तोडलेले, झोप उडालेले, भ्यालेले असतील का? ज्यांचा तिसरा दिवस टळला, त्यांची धास्ती पुढे महिनोन्‌महिने राहू शकते, म्हणजे काळ जुळतो. मी श्रद्धेला हात लावत नाही. मला फक्त नोंदी हव्या आहेत.

म्हणून मंडळातर्फे विनंती. चोपडे, आगरवाडा, मोरजी, मांद्रे, पेडणे, तसंच डिचोलीकडच्या घरांत श्रावणात किंवा चतुर्थीच्या आधी दारू सोडून आजारी पडलेल्या माणसाची आठवण असेल तर ती आम्हाला सांगावी. नाव नको. वर्ष, कितव्या दिवशी काय झालं, आणि घरच्यांनी काय केलं, एवढं पुरे. आमच्या घरची नोंद पहिली आहे. ती लिहिताना आईने मला एकदाच विचारलं, "म्हणजे तुझ्या बाबांची चूक?" मी म्हटलं, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, "मग तेही लिही." म्हणून लिहिलं.